सूर्याचा शेवट आणि साडेसातची बस

गप्प माणसाकडे किस्से फार साचतात. बोलणारा माणूस आपले किस्से त्या त्या दिवशी वाटून मोकळा होतो. गप्प माणसाचे मात्र एकावर एक चढत जातात, फडताळातल्या रिकाम्या डब्यांसारखे, आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर येतात. माझं लग्न मे महिन्यात झालं. आता डिसेंबर सरलाय. फडताळ भरलंय, म्हणून हे लिहायला बसले.

आधी बैठक सांगते. आमचं घर गोंडपिपरीला. सकाळी सहा-साडेसहाला अंगणात शेकोटी पेटते आणि तिच्याभोवती तीन माणसं बसतात. एक माझे सासरे, बाबूजी. बल्लारपूरला कागद कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेले, विहारात ज्यांचा शब्द चालतो असे. दुसरे शेजारचे देवराव भाऊ, रिटायर पोस्टमन, भजनी मंडळाचे प्रमुख. तिसरे सलीमचाचा. त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान दहाला उघडतं, तोवर ते आमच्याकडे उघडे असतात.

बाबूजींची खुर्ची बरोबर फाटकात असते. हिवाळ्यात पहिलं ऊन तिथंच पडतं. दूधवाला, पेपरवाला, मी, सगळे त्या खुर्चीला वळसा घालून, कुंपणाच्या तारेला अंग घासत जा-ये करतो. माझी एक ओढणी फाटली. खुर्ची हललेली मी पाहिली नाही.

आणि बैठकीचा विषय एकच. जग कधी संपणार, कसं संपणार, आणि त्याबाबतीत धर्म आणि विज्ञान एकच सांगतात की वेगवेगळं.

*

या विषयाशी माझी पहिली गाठ मला पाहायला आले तेव्हाच पडली. बल्लारपूरला, आमच्या क्वार्टरच्या समोरच्या खोलीत. मी चहाचा ट्रे ठेवला. आता स्वयंपाकाचं विचारतील, म्हणून माझ्या आईनं मला चार उत्तरं पढवून ठेवली होती.

बाबूजींनी कप उचलला आणि विचारलं, “एमेस्सी फिजिक्स ना तू? मंग सांग, सूर्य आनखी किती वर्सं जगंन?”

माझ्या वडलांच्या कपाळाला घाम आला. मी म्हटलं, “सुमारे पाचशे कोटी.”

बाबूजी मुलाकडे वळले. “निख्या, पोट्टी पास.”

मला काय आनंद झाला होता तेव्हा. जिथं सून पाहताना सूर्याचं आयुष्य विचारतात, असं घर कुणाला मिळतं? मैत्रिणींना मी हे दहा वेळा सांगितलं.

लग्नानंतर सूर्याच्या बाबतीत मला एकच काम मिळालं. तो उगवायच्या आत उठायचं.

*

धर्म आणि विज्ञान यांचा समेट आमच्या अंगणात झाला, तो दिवस मला नीट आठवतो. मी चहा घेऊन दारात उभी होते.

देवराव भाऊ म्हणत होते, “कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्सांचं. त्यातले पाच हजार झाले. बाकी मोजा अन् बसा, मंग सूर्यच सगळं जाळते.”

बाबूजी म्हणाले, “आमच्या धम्मात सात सूर्याचं सांगतात. एकामागं एक सूर्य उगवतात, नद्या आटतात, समुद्र आटतात, डोंगर जळतात. अन् विज्ञान काय सांगते? तेच सांगते.”

चाचा म्हणाले, “हमारे यहाँ भी कयामत के दिन सूरज पास येते, एकदम डोक्यावर.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांच्याही धर्मात शेवट सूर्यच करतो म्हटल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की देवराव भाऊंनी शेकोटीत एक आख्खं लाकूड टाकलं.

आणि मी बोलले. सात महिन्यांत एकदा. म्हटलं, “बाबूजी, सूर्य जवळ येत नाही. तो फुगतो. पण समुद्र त्याच्या खूप आधी आटतील, कारण सूर्य हळूहळू प्रखर होत जातोय. पाणी आटायला अजून साधारण शंभर कोटी वर्षं, आणि सूर्य फुगायला पाचशे कोटी.”

तिघांनी माना माझ्याकडे वळवल्या.

“शंभर का पाचशे?” देवराव भाऊंनी विचारलं.

“दोन्ही. वेगवेगळ्या गोष्टी आहेत त्या.”

“असं नाई चालत बाई. एक काहीतरी ठरवा लागते.”

गावात कुणाच्या धुऱ्याचं भांडण असलं, बांध इकडे की तिकडे, तर लोक बाबूजींकडे येतात आणि बाबूजी मधोमध खुंटी ठोकून देतात. दोघंही थोडे नाराज, पण भांडण मिटतं. बाबूजींनी आताही तीच नजर लावली.

“हे पाहा,” ते म्हणाले, “शंभरवाल्यांनी थोडं पुढं यावं, पाचशेवाल्यांनी थोडं मागं. तीनशे कोटी धरा.”

“अन् माहे चार लाख बत्तीस हजार?”

“ते त्याच्यातच आले, देवराव.”

देवराव भाऊ खूश झाले. चाचा खूश झाले. ट्रेमधले कप उचलले गेले. धर्म आणि विज्ञानाचा जगभर चाललेला वाद आमच्या फाटकात मिटला. मी आत गेले आणि पोळीचं पीठ असं तिंबलं, की सासूबाई म्हणाल्या, “हळू. पिठानं काई केलं नाई.”

*

डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी मला फोन आला. चंद्रपूरच्या कॉलेजातल्या माझ्या मॅडमचा. फिजिक्सला तासिका तत्त्वावर कुणीतरी हवं होतं. “प्रॅक्टिकल जानेवारीत सुरू होतात. या महिन्यातल्या कुठल्याही सोमवारी अकराच्या आत ये. कागदपत्रं घेऊन ये. मी प्राचार्यांशी बोलते. पण महिना उलटू देऊ नकोस, मग मला दुसरं कुणी पाहावं लागेल.”

चार सोमवार होते. साडेसातची बस घेतली की दहापर्यंत चंद्रपूर. मी प्रयोगशाळेत उभी राहीन, लंबक हलेल, मुलं आकडे लिहितील. मला रडू येईल असं वाटलं, पण आमच्या घरात स्वयंपाकघराला दार नाही.

मी निखिलला फोन करून सांगितलं. तो वनरक्षक आहे, नोकरी गडचिरोलीच्या बाजूला, घरी शनिवार-रविवार. तो म्हणाला, आईला सांग. सासूबाई म्हणाल्या, निखिलच्या बाबाला सांग. बाबूजी म्हणाले, “सकाळी बैठकीत घेऊ.”

माझी नोकरी दुसऱ्या दिवशी बैठकीत घेण्यात आली. मी दाराआड होते.

“रोजची येरझार होईन,” देवराव भाऊ म्हणाले. “जंगलाचा रस्ता. आताच परवा वाघ दिसला म्हनतात नाल्याच्या मोरीजवळ.”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “काऊन, वाघ तिकीट काढून बसमध्ये बसते काय?”

चाचा हसले. बाबूजी हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही बाजू ऐकल्यासारखी मान हलवली आणि निकाल दिला. “पाहू.”

आणि तिसऱ्या मिनिटाला ते परत समुद्रावर होते. समुद्र आटल्यावर मिठाचं काय होईल, यावर पाऊण तास झाला. सोमवार उजाडला तरी ‘पाहू’च होतं; पहिल्या सोमवारची साडेसातची बस मला घरातून ऐकू आली. वळणावर हॉर्न देते ती.

मला राग याचा आला, की त्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ‘पाहू’शी कसं भांडणार?

*

दुसरा सोमवार बोअरच्या मोटरनं खाल्ला.

शुक्रवारी मोटर जळली. चाचा स्वतः आले, मोटर काढली, वास घेतला, म्हणाले, “कॉइल गेली. दोन दिवसांत देतो.” मोटर स्कूटरवर घालून घेऊन गेले.

शनिवारी दिली नाही. रविवारी दिली नाही. सोमवारी सकाळी मी आणि सासूबाई हातपंपावरून सहावी खेप आणत होतो. दोन्ही हातांत बादल्या, आणि फाटकात खुर्ची. कुंपणाला घासत आत शिरलो तर बैठक रंगात.

“सूर्य विझला तर करायचं काय, हा प्रश्न हाय,” बाबूजी म्हणत होते.

चाचा म्हणाले, “भाऊ, विझला तर माझ्याकडं पाठवा. जुनी तार काढतो, नवी भरतो, वार्निश मारून उन्हात ठेवतो. चार पिढ्या चालंन.”

“उन्हात कसं ठेवशीन? सूर्यच दुकानात राहीन ना,” देवराव भाऊ म्हणाले आणि तिघं पोट धरून हसले. विनोद चांगला होता, मी कबूल करते. माझ्या बादलीतलं पाणी तोवर माझ्या पायावर सांडत होतं.

सासूबाईंनी बादली खाली ठेवली. बरोबर बाबूजींच्या पायाशी.

“सलीमभाऊ,” त्या म्हणाल्या, “समुद्र आटन तवा आटन. आमची टाकी आजच आटली हाय.”

मोटर दुपारी आली. बस सकाळीच गेली होती.

*

आता निखिलचा एक किस्सा. तो माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर माझ्या आईला वाईट वाटेल.

पुढच्या शनिवारी आला तेव्हा मी त्याला विचारलं, “तुम्ही बाबूजींशी बोलत का नाही?”

“मी बोललो तर त्यांना वाटंन तू शिकवलं.”

“मी बोलले तर?”

“तर वाटंन मी शिकवलं.”

माझी नजर त्याच्या बुटांवर गेली. बुटांना काळी राख होती. या दिवसांत ते जंगलात जाळरेषा काढतात. उन्हाळ्यात वणवा लागू नये, लागला तर पलीकडे जाऊ नये, म्हणून आधीच गवत कापून, जाळून मोकळी पट्टी करून ठेवायची. 

मी विचारलं, “ही पट्टी आग लागल्यावर काढली तर चालत नाही का?”

“येडी काय तू? मंग काय उपयोग?”

“मग दोन सोमवार उरलेत.”

त्याला समजलं. नक्की समजलं, कारण त्याचा कान लाल झाला. तो बुटाची राख झटकत म्हणाला, “पाहू.”

घराण्यात नाक उतरतं, केस उतरतात. आमच्याकडे हे.

*

सगळ्यात जास्त राग मला आला तो विहारातल्या दिवशी.

त्या रविवारी बाबूजींचं भाषण होतं. विषय, धम्म, विज्ञान आणि सूर्याचा शेवट. चार दिवस आधी त्यांनी मला वही दिली. “सूनबाई, थोडे पॉइंट काढून दे. तुला येते ते.”

मी मनापासून काढले. दुपारची झोप सोडून चार पानं लिहिली. सूर्याच्या पोटातलं इंधन सरतं तसा तो कसा बदलतो, समुद्र आधी का आटतात, सगळं सोप्या भाषेत. शेवटच्या पानावर मला खरं वाटतं ते लिहिलं. की बाबूजी, दोन्ही एकच सांगतात असं म्हणू नका. सात सूर्यांची गोष्ट हा हवामानाचा अंदाज नाही. जे आहे ते राहत नाही, हे माणसाच्या मनावर बसावं म्हणून ती सांगितली आहे, आणि ते काम कुठल्याही दुर्बिणीला जमत नाही. उलट तारा किती काळ जळेल, हे त्या गोष्टीला विचारू नये. तिला आमच्या गणिताच्या पावतीची गरज नाही आणि गणिताला तिच्या पावतीची नाही. दोघांची खरी भेट एकाच जागी होते. दोघंही म्हणतात, मी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा.

हे मी कुणाला कधी बोलले नव्हते. लिहून झाल्यावर माझी बोटं गरम झाली होती.

वही परत आली तेव्हा शेवटचं पान निळ्या पेननं आडवं खोडलेलं होतं. बाजूला लिहिलं होतं, “लोक गोंधळतील.”

रविवारी विहार भरलेला. जय भीम झाले, वंदना झाली. बाबूजी उभे राहिले आणि माझी तीन पानं त्यांनी फार सुंदर बोलून दाखवली. शेवटी म्हणाले, “म्हणजे धम्मानं जे सांगितलं, तेच आज विज्ञान सांगून राह्यलं. शब्दाचाही फरक नाई.” टाळ्या.

कॉलेजातली एक मुलगी उठली. दोन वेण्या, हातात रजिस्टर. “बाबूजी, समुद्र सूर्य फुगायच्या आधीच आटतात, हे तुम्हाले कुठून समजलं?”

मी मान वर केली. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंनीही केली.

“अभ्यास, पोरी,” बाबूजी म्हणाले. “रोज सकाळी आम्ही चार जणं बसतो त्याच्यावर.”

चार जण. मी मोजले. बाबूजी, देवराव भाऊ, चाचा. परत मोजले. चौथी शेकोटी असावी.

घरी येताना सासूबाई माझ्या बरोबरीनं चालत होत्या. एरवी त्या पुढे असतात. निम्म्या वाटेत म्हणाल्या, “ते सगळं तूच लिवलं होतं न?”

“हो.”

“अन् खोडलं काय त्याईनं?”

मी सांगितलं. जमेल तसं, सोपं करून. त्यांनी पूर्ण ऐकलं. मधे एकदा थांबून चपलेतला खडा काढला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “खोडलं तेच चांगलं होतं.”

दुसऱ्या दिवशी तिसरा सोमवार. भाषणाचं अभिनंदन करायला सकाळी सहापासून माणसं आली. मी सतरा कप चहा केला. बसचा हॉर्न मला ऐकू आला नाही, कारण आलं कुटत होते.

*

आता शेवटचा.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “ते चंद्रपूरची बस कितीची हाय?”

“साडेसातची.”

“हं,” म्हणाल्या आणि वांग्याचं देठ काढलं. विषय संपला.

सोमवारी पहाटे निखिल मोटरसायकलवर ड्युटीला गेला. जाताना माझ्याकडे पाहून काहीतरी बोलणार होता, हेल्मेटच्या काचेमागं राहिलं. मी स्वयंपाकघरात आले तर चहा झालेला, डबा भरलेला, आणि ओट्यावर माझी सर्टिफिकेटांची फाइल. ती मी कपाटात साड्यांखाली ठेवली होती. वर सासूबाईंची निळी सुती साडी, इस्त्री केलेली.

मी ती साडी नेसले.

सात वीसला मी फाइल आणि डबा घेऊन दारात आले. शेकोटी, तिघं, आणि फाटकात खुर्ची. ऊन नुकतंच तिथं पोचलं होतं. आता वळसा घालायचा, तार चुकवायची आणि सुटायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

तेवढ्यात देवराव भाऊंनी विचारलं, “बाबूजी, भासन तर झक्कास झालं. पण एक समजलं नाई. इंधन संपलं तर चूल विझते. सूर्य फुगते काऊन?”

खरंच चांगला प्रश्न होता. सगळ्या डिसेंबरात विचारलेला सगळ्यात चांगला. बाबूजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. उत्तर माझ्या तिसऱ्या पानावर होतं, पण त्यांना ते पाठ नव्हतं, समजलेलं नव्हतं.

“सूनबाई,” त्यांनी हाक मारली. मग वळून पाहिलं तर मी समोरच. निळी साडी, फाइल, डबा.

त्यांनी साडी पाहिली. फाइल पाहिली. मग जणू दोन्ही पाहिलं नाही अशा आवाजात म्हणाले, “हं, बस इथं. देवरावले समजावून सांग जरा. सूर्य फुगते काऊन?”

देवराव भाऊंनी चक्क आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. सात महिन्यांत पहिल्यांदा बैठकीत मला जागा मिळाली होती. आणि मला येत होतं हो उत्तर. माझ्या तोंडात आलं होतं. गाभ्यापासून सुरुवात करायची, पाच मिनिटांत देवराव भाऊंना पटेल असं सांगता आलं असतं. बसस्टँड आठ मिनिटांवर होतं.

मी फाइल छातीशी धरून उभी राहिले. 

मागून सासूबाई आल्या. ओले हात पदराला पुसत दाराच्या चौकटीत थांबल्या.

“संध्याकाळी सांगंन ते,” त्या म्हणाल्या.

“अवं, पाच मिनिटाचं काम हाय,” बाबूजी म्हणाले.

“पाहू,” सासूबाई म्हणाल्या. “घाई काय हाय, निखिलचे बाबा? तीनशे कोटी वर्सं धरले ना तुम्ही? तिची बस साडेसातची हाय.”

शेकोटीत काहीतरी तडकलं. चाचांनी आपल्या चहाच्या कपात खोल पाहायला सुरुवात केली. देवराव भाऊ स्टुलाशिवाय अर्धवट उभे होते, ते तसेच राहिले.

बाबूजी उठले. त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि फाटकातल्या उन्हातून काढून भिंतीकडे सावलीत नेऊन ठेवली.